झोपेच्या गोळ्या : तुमच्या घरातला अनुभव काय?

गणपतीत रत्नागिरीला घरी गेले होते. आईची चादर बदलताना उशीखाली अल्प्राझोलम या गुंगीच्या गोळीची पट्टी सापडली. दहापैकी सात घरं रिकामी. विचारलं तर म्हणे, "अगो, शेजारच्या काकूने दिलीन. तिला लागू पडते." डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, वाटीभर साखर आणावी तशी गोळी आणलेली! आईला काय सांगू ते सुचेना, म्हणून विचारते. स्वतःचं काय झालं तेवढंच लिहा. कोणी कुणाला डोस सुचवू नका.

देवगड, आंबा बागायतदार
मोहोर गळला त्या वर्षी डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम, पंधरा दिवसांसाठी दिली. मी तीच चिठ्ठी दाखवत तीन वर्षं खाल्ली. त्यांचा दोष नाही, मी परत गेलोच नाही. मग पुण्याला लग्नाला गेलो आणि पट्टी घरी राहिली. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, बनियन घामाने चिंब, उगाचच भीती. वाटलं हार्टचंच काहीतरी. गोळी एकदम बंद झाली की असं होतं, कुणाकुणाला फिटही येते, हे नंतर कळलं. डॉक्टर चिडले, पण कमी करायचा तक्ता लिहून दिला : दर दोन आठवड्यांनी पाव गोळी कमी. एवढीशी गोळी ब्लेडने कापायची म्हणजे तुकडे पंख्याच्या वाऱ्याने उडायचे. शेवटी बायको पंखा बंद करून स्वतः कापायची आणि पाव-पाव तुकडे जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायची. शेवटच्या पावापाशी दोन महिने अडकलो. आता सुटली. झोप पूर्वीइतकी गाढ नाही, पण माझी आहे.

मालवण, ट्रॉलरवर
1 जून ते 31 जुलै बोट किनाऱ्यार. रात्रभर दर्यार जागणारो मी, घरात डोळो लागणा नाय. एका रात्री थोडी घेतलेली, वर बायलेची गोळी खाल्लंय. ती सांगता, घोरणां मधीच बंद पडा, हलवून हलवून श्वास घेऊक लावल्यान. डागतर म्हणालो, दारू नि ही गोळी दोघांय श्वासाक झोपवतत. बस.

गुहागर, मुलगा
आमचं न्हाणीघर मागीलदारी, मधे एक पायरी. आई 74 वर्षांची, त्याच पायरीवरून पन्नास वर्षं ये-जा केलेली. पहाटे तीनला उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री काय काय घेतात? सगळं पिशवीत घालून आणा." पिशवीत निघालं काय? झोपेची गोळी म्हणजे क्लोनाझेपाम, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, खोकल्याचं औषध. तिन्ही वेगवेगळ्या दवाखान्यांतली, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. क्लोनाझेपामचा निम्मा अंश अंगातून जायलाच 30 ते 40 तास लागतात, म्हातारपणी आणखी सावकाश. म्हणजे ती पडली त्या पहाटे आदल्या दिवशीची गोळीही अंगात होतीच. आम्ही मात्र "वयामुळे तोल जातो" म्हणत बसलो होतो. आता पायरीवर दिवा लावलाय. आधी लावायला किती खर्च आला असता?

दापोली, मेडिकल दुकान
काउंटरच्या अलीकडची बाजू सांगतो. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. पाकिटावर लाल चौकट असते ती बघा. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिल्या हे वहीत लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. "ओळखीचा असून देत नाहीस?" म्हणून गावातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. नकोत बोलू.

सावंतवाडी, शिक्षिका
मला झोल्पिडेम ही झोपेची गोळी दिली होती, दहा मिलिग्रॅमची. एकदा सकाळी उठले तर ओट्यावर अख्खा नारळ खवलेला, विळी उघडी. नवरा म्हणाला, "रात्री एकला तूच खवत होतीस, हाक मारली तर हूं म्हणालीस." मला एक अक्षर आठवत नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने 2013 साली बायकांसाठी हिचा डोस निम्मा, पाचवर आणला, आणि 2019 मध्ये असं झोपेत उठून वावरण्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला, हे त्यानंतर वाचलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली. त्या विळीकडे अजून नीट बघवत नाही.

पुन्हा मी, रत्नागिरी
आईला डॉक्टरांकडे नेलं. रोज नाही, मधूनमधूनच घेतलेल्या, म्हणून थांबवता आल्या. दुपारी दोन ते पाच झोप आणि रात्री आठला चहा, हे डॉक्टरांनी तिच्याच तोंडून काढून घेतलं. चहा सुटला, दुपारची झोप अर्ध्या तासावर आली, ती मात्र कुरकुरत.

उरलेल्या तीन गोळ्या मी फेकून देणार होते, तर ती पदराला हात पुसत काकूंकडे निघालेली. म्हणे, "उसनं ठेवू नये. आणि खाल्लेल्या सात बाजारातून आणून दे गो."