शरीर जपलं की पृथ्वी जपली जाते का?

तिसवाडीकर:
गेल्या वर्षी प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून पहाटे खाजनाच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर जाऊ लागलो. चाळीस वर्षं शेजारी राहून तो बांध मी धड पाहिला नव्हता! भरती चढली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार पाण्याच्या रेट्यानेच मिटतं, ओहोटीला उघडतं. वीज नाही, मोटार नाही. आत पिकतो कोरगुट, खाऱ्या मातीत तगणारा भात. बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर खारं पाणी आत शिरून शेत पडीक पडतं. आता न्याहारीला त्याच उकड्या तांदळाची पेज घेतो, आणि बांधाला कुठे भोक दिसलं तर दिवसभर चैन पडत नाही. माझ्या मते स्वतःला जपणं आणि पृथ्वीला जपणं ही एकच गोष्ट आहे.

डिचोलीकर:
दादा, नाही पटलं. आमच्या गावातून खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा तुळस, भांडी, दोरीवरचे कपडे, सगळं तांबडं व्हायचं. वडील रोज सूर्यनमस्कार घालत, व्यसन कसलंच नाही, तरी खोकला सुटला नाही. ट्रक थांबले ते २०१२ मध्ये. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम बंद केलं, म्हणून. ‘स्वतःला जपा’ असं सांगितलं की धूळ उडवणारा सुटतो आणि खोकणाऱ्यालाच वाटतं, आपलंच काही चुकलं.

फोंड्याची सून:
पेज कोण शिजवतं तेही लिहा हो. मला चालायला जायला वेळच मिळत नाही. पण एक सांगते. घरामागे रोज संध्याकाळी प्लास्टिक जाळायचे. मुलाला दमा, मलाही धाप लागायची. वर्षभर खिडक्या बंद करून बसले. मग चौघीजणी मिळून ग्रामसभेला गेलो. तीनदा. आता जाळणं थांबलंय. माझाच श्वास कोंडला नसता तर मी तिथे उभी राहून बोलले असते, असं वाटत नाही.

तिसवाडीकर:
ताई, हेच मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही.

डिचोलीकर:
ताईंचं मानतो. पण धूर थांबला तो ग्रामसभेत, खिडक्या बंद करून नव्हे. मोलेच्या जंगलाचंही तसंच. तिथून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, ती लोक कोर्टापर्यंत लढले म्हणून. दादा, तुमच्याच बांधाचं बघा. १९६४ चा कूळ कायदा आला आणि बांधांची देखभाल गावकारीकडून, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेकडून, कुळांच्या संघांकडे गेली. तुमच्या गावच्या संघाच्या बैठकीला कधी गेलात?

तिसवाडीकर:
नाही गेलो. कुळांपैकी नाही मी, तरी विचारून पुढच्या बैठकीला जातो. पण डिचोलीकर, पहाटे त्या बांधावर पाय पडले नसते, तर असा संघ असतो हेही मला ठाऊक नसतं.