कॉलेज व्हॉलीबॉलची फायनल कुठल्या शहरात घ्यायची हे कसं ठरतं?

लिबेरो_कोथरूड
मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलचा म्हणजे एनसीएएच्या (तिथली कॉलेज खेळांची संघटना) मुलींच्या स्पर्धेचा नाद लागलाय मला, मॅचेस आपल्याकडे भलत्या वेळी असतात तरी जागून बघतो (घरचे शिव्या घालतात). तर २०२४ ची फायनल होती लुईव्हिल शहरात आणि फायनलला पोचली कोण, तर लुईव्हिलचीच टीम! २१ हजार ८६० लोक हॉलमध्ये, सगळे त्यांच्याच बाजूचे, तरी पेन स्टेट युनिव्हर्सिटीने ३-१ ने मारलं. आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतो यजमानांनाच फायदा, आधीच सेटिंग असणार. खरंच असं काही असतं का? शहर ठरवतं कोण? आणि दुसरं म्हणजे आपल्या इंटर युनिव्हर्सिटीच्या फायनल दरवर्षी पुण्यात बालेवाडीला का घेत नाहीत? १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं एवढं मोठं संकुल, २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या, २०१९ ला खेलो इंडिया झालं, मग व्हॉलीबॉलनेच काय पाप केलंय.

माजी_सेटर
सेटिंग वगैरे काही नाही रे. शहरं कधी ठरली ते बघ. २०२२ ओमाहा, २०२३ टॅम्पा, २०२४ लुईव्हिल, २०२५ कॅन्सस सिटी, ही सगळी यादी २०२० च्या ऑक्टोबरमध्येच जाहीर झाली होती. २०२४ ला खेळलेल्या निम्म्या पोरी तेव्हा शाळेत असतील, कोण कुठे पोचणार हे कोणाला कळणार. शहरं स्वतः अर्ज करतात, तिथली युनिव्हर्सिटी आणि शहराची स्पोर्ट्स कमिटी मिळून हॉल, हॉटेलं, प्रॅक्टिस कोर्ट, विमानांची सोय सगळं लिहून देतात आणि त्यातून निवड होते.

यजमानांचा फायदा म्हणशील तर तो खरा आधीच्या राउंडमध्ये असतो, आणि तो उघड उघड नियमातच आहे. ६४ टीम असतात, त्यातल्या वरच्या १६ सीडेड टीम (सीड म्हणजे सीझनच्या खेळावरून दिलेला क्रम) पहिल्या दोन राउंड आपापल्या कॅम्पसवर भरवतात, प्रत्येकीकडे चार टीम. पुढचा टप्पाही वरच्या सीडच्याच घरी. म्हणजे सीझनभर चांगलं खेळलात तर घरच्या पब्लिकसमोर खेळायचं हे बक्षीसच समज. फक्त शेवटच्या चार टीम आधी ठरलेल्या शहरात जातात. २०२४ ला तर चारही गटांच्या नंबर एक सीड तिथे पोचल्या होत्या, त्यातली एक लुईव्हिल निघाली एवढंच. त्यांच्या नेहमीच्या मॅचेससुद्धा कॅम्पसवरच्या छोट्या हॉलमध्ये असतात, फायनलचा हॉल तो नव्हे.

हां, ओमाहाबद्दल कुरकुर केलीस तर ऐकून घेईन. तिथून नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा लिंकनचा कॅम्पस मोटारीने तासाभरावर आणि नेब्रास्काचं पब्लिक म्हणजे वेडं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिंकनला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कोर्ट टाकलं तर ९२ हजार ३ लोक आले होते. २००६ आणि २०१५ ला ओमाहात फायनल झाली आणि दोन्ही वेळा नेब्रास्काच जिंकली. पण २००८ ला त्याच हॉलमध्ये सेमीफायनलला पेन स्टेटने त्यांना पाचव्या सेटला घालवलं. ओमाहाला वारंवार का मिळतं तर तिकिटं खपतात म्हणून, कोणावर माया आहे म्हणून नाही.

नाशिकचा_ब्लॉकर
आलं पुणं मध्येच 😄 दरवर्षी बालेवाडी म्हणे. आणि आम्ही नाशिक, नगरवाल्यांनी काय दरवर्षी एसटीत बसून यायचं का? आपल्याकडे मुळात शहर ठरतच नाही, एआययू (भारतातल्या युनिव्हर्सिट्यांची संघटना) एखाद्या युनिव्हर्सिटीला स्पर्धा देते आणि ती युनिव्हर्सिटी जिथे असेल तिथे सगळे जातात. आधी झोन, मग ऑल इंडिया. फिरती राहते म्हणून लहान ठिकाणच्या पोरांना मोठ्या मॅचेस बघायला तरी मिळतात. आमच्या भागात गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉलच्या रात्रीच्या स्पर्धांना जेवढं पब्लिक असतं ना तेवढं पुण्यात कॉलेजच्या फायनलला येणार नाही, लिहून घ्या. बालेवाडीला हॉल भरवायचा म्हणजे कॉलेजांनी बस करून पोरं आणायची, आणि ती पोरं दुसऱ्या सेटला कॅन्टीनला.

माजी_सेटर
पब्लिकचं मान्य, पण फिरतीचं कौतुक जरा जपून. एका झोन स्पर्धेला आम्हाला बाहेरच्या मैदानावर खेळवलं होतं, डिसेंबर महिना, मॅच सुरू व्हायला संध्याकाळचे सात वाजले आणि दव पडायला लागलं. बॉल साबणाच्या वडीसारखा हातातून सुटत होता, फक्कीच्या लाइनी ओल्या होऊन पसरल्या, लाइन्समनला आत-बाहेर कळेना, प्रत्येक पॉइंटला भांडण. स्मॅशसाठी बॉल वर टाकला की फ्लडलाइट डोळ्यात. त्या दिवशी कोण भारी खेळलं ते कळलंच नाही.

आणि हॉल आहे म्हणजे व्हॉलीबॉलचा हॉल आहे असं नसतं हे पुणेकरांनाही सांगतो. कोर्ट १८ बाय ९, बाजूने किमान ३ मीटर मोकळं, वर किमान ७ मीटर काही नको. मोठ्या इंटरनॅशनल स्पर्धांना तर वर साडेबारा मीटर, बाजूला ५ आणि मागे साडेसहा लागतं. बऱ्याच कॉलेजांचे 'मल्टिपर्पज' हॉल बॅडमिंटन डोळ्यासमोर ठेवून बांधलेत, तिथे जंप सर्व्ह करायला मागे गेलास की पाठ भिंतीला.

हडपसरची_कोच
तुम्ही सगळे हॉल आणि पब्लिकवरच अडकलाय. मुलींची टीम घेऊन जाते म्हणून सांगते, मी यजमानांना पहिला फोन करते तेव्हा हॉल कसा आहे हे विचारतच नाही. राहायची सोय मैदानापासून किती लांब, बाथरूमला कडी आहे का आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत, रात्री उशिरा मॅच संपली तर जेवण मिळणार का, हे विचारते. एकदा मुक्काम शहराच्या एका टोकाला आणि मैदान दुसऱ्या टोकाला होतं, सकाळी आठच्या मॅचसाठी मुली साडेपाचला उठून केळी खात बसमध्ये. पुण्यात काय वेगळं होणार हो, स्टेशनजवळ उतरवलं तर बालेवाडीला पोचेपर्यंत वॉर्मअप ट्रॅफिकमध्येच. संकुलातच मुक्काम देत असाल तर पुणं मला चालेल.

आणि सगळ्यात मोठं दुखणं तारखा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं. ठिकाण तीन आठवड्यांवर आल्यावर कळलं तर बारा मुलींना वेटिंग मिळतं, मग कोणी कुठल्या डब्यात तर कोणी दारात. अमेरिकेचं बाकी काही नको, ते आधी जाहीर करण्याचं तेवढं घ्या. चार वर्षं सोडा, चार महिने आधी सांगितलं तरी पुरे.

लिबेरो_कोथरूड
ताई हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग फिरतं ठेवून चार महिने आधी सांगणं जमेल का, युनिव्हर्सिटीच्या परीक्षांचंच टाइमटेबल आधी लागत नाही.

नाशिकचा_ब्लॉकर
हाच तर घोळ आहे. ताईंशी १०० टक्के सहमत. लोक शहरासाठी भांडतात आणि तारीख कोणीच मागत नाही.

माजी_सेटर
माझं म्हणणं, दोन्ही करा. अमेरिकेत आधीचे राउंड घरोघरी आणि शेवटचे चार ठरलेल्या जागी, तसं आपल्याकडे लीगच्या मॅचेस फिरत्या ठेवा आणि सेमी-फायनलसाठी दोन-तीन बंदिस्त हॉल पक्के करा, त्यात बालेवाडी असेल, नाशिक असेल, अजून कुठलं असेल. चार टीमच यायच्या म्हणजे मुक्कामही सोपा, तिकिटंही कमी. ऑल इंडियाला हे कधी होईल माहीत नाही, पण आपल्या पुणे युनिव्हर्सिटीच्या इंटर झोनलला पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक एवढेच झोन, तिथे सुरुवात करायला कोणाची परवानगी लागते ते स्पोर्ट्स डायरेक्टर मंडळींपैकी कोणी इथे असेल तर सांगा.

हडपसरची_कोच
आमच्या डायरेक्टर सरांना सोमवारी विचारते. कोथरूडवाले, तुम्ही तेवढ्यात पुण्यातल्या कुठल्या कॉलेजच्या हॉलला वर ७ मीटर मिळतं ते बघून ठेवा, टेप घेऊन जा, अंदाजाने सांगू नका.