‘नेटवर्क’ पाहताना आता हसू का येत नाही?

धरमपेठकर (प्रश्न)

गेल्या रविवारी आमच्या वाचनमंडळाने माझ्या घरी सिडनी ल्युमेट यांचा ‘नेटवर्क’ (१९७६) पाहिला. प्रेक्षकसंख्या घसरल्यामुळे हॉवर्ड बील या वृत्तनिवेदकाला नारळ दिला जातो, तो थेट प्रक्षेपणातच आत्महत्येची घोषणा करतो आणि वाहिनी पुढे त्याच्या या उद्रेकाचाच कार्यक्रम करते, ही कथा पॅडी चायेफ्स्की यांनी उपहास म्हणून लिहिली होती. आमच्यातील तरुण सभासदांना मात्र तो दिसलाच नाही. ‘हे तर रोज रात्री नऊ वाजता लागते, यात अतिशयोक्ती कुठे आहे?’ असे त्यांनी विचारले आणि मी निरुत्तर झालो. वास्तवाने गाठल्यावर अशा चित्रपटात काय उरते? शेवटच्या बैठकीच्या वेळी चहा फिरत असल्यामुळे तो भाग निम्म्या मंडळींनी नीट पाहिला नाही, हेही कबूल करतो.

जुना कॅमेरामन

मी एका वृत्तवाहिनीसाठी काही वर्षे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे चित्रीकरण केले आहे. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेला मोर्चा दुपारी निवांत डबे उघडून बसलेला असे. आमचा कॅमेरा खांद्यावर चढला, की तीच माणसे उठून घोषणा देऊ लागत आणि ‘बाईट’ झाला, की पुन्हा डब्यांकडे वळत. त्यांची मागणी खोटी नव्हती. पण तिला आवाज केव्हा फुटायचा, हे आम्ही ठरवत होतो. ‘मी भयंकर संतापलो आहे’ असे बील सांगतो आणि लोक खिडक्या उघडून तेच ओरडू लागतात, तेव्हा वाहिनीची कार्यक्रमप्रमुख डायना (अभिनेत्री फे डनवे) आनंदते, ती लोक जागे झाले म्हणून नव्हे, तर कोणकोणत्या शहरांत ओरडणे सुरू आहे हे कळल्यामुळे. तो प्रसंग मला आजही बोचतो, कारण तिच्या जागी मी उभा राहिलो आहे.

सीताबर्डी

धरमपेठकर, आपल्या तरुण मंडळींनी आरडाओरडा पाहिला आणि तोच उपहास समजून मोजला, असे मला वाटते. चायेफ्स्कींचा खरा नेम ओरडणाऱ्या माणसावर नसून हळू आवाजात बोलणाऱ्यांवर आहे. हीच वाहिनी क्रांतिकारकांच्या एका गटाला घेऊन मालिका काढते, तिचा करार होतो तो प्रसंग आठवा: भांडवलशाही उलथवायला निघालेली माणसे वितरणखर्चाच्या कलमांवरून हमरीतुमरीवर येतात. एवढा विनोदी प्रसंग या चित्रपटात दुसरा नाही. आणि शेवटी, मालकाच्या मर्जीमुळे बीलला काढता येत नाही आणि ठेवला तर आकडे पडतात, तेव्हा चार-सहा शहाणी माणसे वेळापत्रकाची चर्चा करावी तितक्या सहजतेने त्याच्या खुनाचा निर्णय घेतात. तिथे कोणाचाही स्वर चढत नाही. चहा नेमका तिथेच आला, हे आपले दुर्दैव!

प्रकाशाकडेही लक्ष द्यावे. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी सुरुवातीची दृश्ये साध्या, जवळजवळ नैसर्गिक उजेडात टिपली आणि शेवटाकडे येताना प्रकाशयोजना जाहिरातीसारखी गुळगुळीत होत जाते. म्हणजे चित्रपटाचा कॅमेराही हळूहळू बिघडतो. ही गोष्ट ल्युमेट यांनी ठरवून केली होती. ते आणि चायेफ्स्की दोघेही १९५०च्या दशकात दूरचित्रवाणीत घडले, त्यामुळे ही टीका घरच्या माणसांची आहे. पुरस्कारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांपैकी बिआट्रिस स्ट्रेट यांचाच आवर्जून आठवतो, कारण जेमतेम पाच मिनिटांच्या भूमिकेला ऑस्कर मिळाले आणि त्या पाच मिनिटांतच चित्रपटात एक जिवंत माणूस बोलते.

इतवारी

एक पुरवणी. टीआरपीत फेरफार झाल्याच्या आरोपांनंतर आपल्याकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध होत नव्हते. तेव्हा रात्रीच्या चर्चा शांत झाल्याचे मला तरी जाणवले नाही. आकडे नसतानाही सवय टिकली, त्यामुळे सारा दोष आकड्यांवर टाकण्याबाबत मी साशंक आहे.

धरमपेठकर

सर्वांचे आभार. कराराचा प्रसंग आम्ही ‘लांबला’ म्हणून न पाहताच पुढे पळवला होता, हे आता सांगायलाही संकोच वाटतो. येत्या रविवारी तो आणि शेवटची बैठक पुन्हा लावतो; चहा आधीच उरकून घेऊ.