स्लीप ॲप्नियाचं ऑपरेशन झालं, घोरणं थांबलं, पण एएचआय अजून 22. आता सीपॅप की पुन्हा ऑपरेशन?

नमस्कार. माझ्या नवऱ्याबद्दल विचारायचं आहे. पंचेचाळिशी उलटली आहे, बीपीची गोळी चालू आहे, वजन जास्त आहे. ऑपरेशनच्या आधी स्लीप स्टडीत एएचआय 41 आला होता, म्हणजे झोपेत तासाला सरासरी 41 वेळा श्वास थांबत किंवा अडखळत होता. 30 च्या पुढे तीव्र धरतात. सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावून पाहिलं, पण मास्क चढवला की त्याला गुदमरायचं आणि झोपेतच तो ओढून काढायचा. शेवटी टॉन्सिल, टाळूची यूपीपीपी (टाळूचा मागचा सैल भाग कापून घसा मोकळा करणं) आणि नाकातला वाकडा पडदा सरळ करणं, हे सगळं एकदमच करून घेतलं.

त्यानंतरचे दिवस फार जड गेले. घोटभर पाणी गिळतानाही डोळे भरून यायचे, कधी प्यायलेलं नाकातून परत यायचं. ते सगळं ओसरलं. घोरणं जवळपास बंद झालं आणि घरच्यांना वाटलं, सुटलो एकदाचे.

पण मी रात्री जागी असले की बघते. छाती वरखाली होत असते आणि नाकाशी बोट धरलं तर हवा लागत नाही. मग अंगाला एक झटका बसतो, तो कूस बदलतो आणि श्वास सुरू होतो. आधी आवाजावरून कळायचं तरी, आता सगळं गुपचूप चालतं. मला याचीच जास्त भीती वाटते.

काही महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी केली. एएचआय 22, रक्तातला ऑक्सिजन 81 टक्क्यांपर्यंत खाली. ऑपरेशन यशस्वी धरायला एएचआय निम्म्यावर आणि शिवाय 20 च्या आत यावा, असा निकष सहसा लावतात. आमचं दोन्हीकडे थोडक्यात हुकलं. उताणा झोपल्यावरचा आकडा 38 आहे, कुशीवरचा 11.

ईएनटी डॉक्टर म्हणतात, औषधाने झोपवून दुर्बिणीतून घसा बघू. जिभेच्या मुळाशी अडत असेल तर तिथलं ऑपरेशन करता येईल. छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं, नाक आता मोकळं आहे, कदाचित कमी प्रेशरवर भागेल, सीपॅप पुन्हा लावा. दातांच्या डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण सुचवलंय. नवरा म्हणतो, मला बरं वाटतंय, आता काही नको. पण एपवर्थच्या प्रश्नावलीत त्याचे 24 पैकी 13 आले, 10 च्या वर म्हणजे दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. परवा सिग्नलला गाडी थांबली आणि याची मान खाली. मी शेजारी होते म्हणून हलवलं. तेव्हापासून लांबचं ड्रायव्हिंग मी त्याला करू देत नाही.

माझा कल आधी सीपॅपकडे आहे. मशीन नाही जमलं तर बाजूला ठेवता येतं, कापलेली टाळू परत येत नाही. वजन उतरवायचं आहेच, पण त्याला महिने लागतील आणि तोवर रात्री अशाच काढणं मला पटत नाही. कुशीवर झोपवायला पाठीशी उशी लावते, पण पहाटेपर्यंत तो उताणा झालेलाच असतो.

यूपीपीपीनंतर सीपॅप लावणाऱ्यांना विचारायचंय, तोंडावाटे हवा गळते का? फुल फेस मास्क लागला की नाकाच्या छोट्या पिलोवर भागलं? रॅम्प (प्रेशर हळूहळू वाढवणारी सोय) आणि ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) चालू केल्यावर गुदमरणं कमी झालं का? आधीचं मशीन आम्ही हे दोन्ही बंद ठेवूनच वापरलं होतं. जबड्याचं उपकरण घेतलेल्यांनी ते लावून पुन्हा स्लीप स्टडी केली का आणि आकडा किती उतरला? जिभेच्या मुळाचं ऑपरेशन कुणी करून घेतलं असेल तर गिळण्यावर, बोलण्यावर काय परिणाम झाला, तेही सांगा.

आणि घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं मानून बसलेल्या आपल्या माणसाला तुम्ही कसं तयार केलंत? पुढच्या आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना भेटायचंय. निर्णय त्यांच्याशी बोलूनच घेऊ, पण त्याआधी तुमचे अनुभव कळले तर काय काय विचारायचं ते ठरवता येईल.