फोनिक्स क्लासची फ्रँचायझी सोडून राहिले, मी काढलेल्या वर्कशीट कोणाच्या?

बेसा_रोड_ताई
नमस्कार मंडळी. नागपूरला बेसा रोडवर ५ वर्षांपासून लहान मुलांच्या फोनिक्स क्लासची (अक्षरांच्या आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणं) फ्रँचायझी चालवून राहिले, कंपनीचं नाव लिहित नाही. मार्चमधे ॲग्रीमेंट संपतं, रॉयल्टी झेपत नाही म्हणून रिन्यू करायचं नाही, स्वतःचा क्लास काढायचा आहे. त्यांच्या पुस्तकात आपल्या मुलांची अडचणच नाही हो. आपली मुलं व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला 'व'च म्हणतात, म्हणून मी आरसा घेऊन करायच्या शीट काढल्या, वरचे दात खालच्या ओठावर टेकले की व्ही, ओठ गोल झाले की डब्ल्यू, बाजूला व्हॅन आणि वॉचचं चित्र. अशा सगळ्या मिळून १३० शीट रात्री जागून हाताने काढल्या, सीताबर्डीवर झेरॉक्स मारल्या. त्यातल्या काहींवर कंपनीच्या लेव्हल बुकमधल्या गोष्टी मराठीत केल्या, आज्यांना घरी वाचून दाखवता याव्या म्हणून.
आता मेल आला की फ्रँचायझीने जे काही बनवलं ते 'सिस्टिममधली सुधारणा' आहे आणि सगळं कंपनीचं, शीट परत करा, पालकांचे नंबर डिलीट करा, २ वर्षं १० किलोमीटरच्या आत असा क्लास घ्यायचा नाही. माझ्या हाताने काढलेलं माझं नाही का? खूप जीवाला लागलं आहे.

त्रिमूर्तीनगर_एसीवाला
ताई, मी एसी सर्व्हिसची फ्रँचायझी सोडली तेव्हाचं सांगतो. मॅन्युअल, टीशर्ट, बिलबुक सगळं परत केलं पण यादी करून त्यावर सही नाही घेतली, नंतर म्हणे मॅन्युअल दिलंच नाही. वरून गाडीवरचं स्टिकर काढलं तरी उन्हाने आजूबाजूचा रंग उडाला होता ना, लोगोचा आकार तसाच दिसत होता, त्याचा फोटो काढून त्यांनी डिपॉझिटमधून पैसे कापले. बोर्ड, व्हॉट्सॲपचा डीपी, गूगल मॅपवरचं नाव, सगळं शेवटच्या दिवशी बदला आणि फोटो काढून ठेवा. कायद्याचं वकील लोक सांगतील.

सिव्हिल_लाईन्स_वकील
ताई, इथे चार वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.
पहिली, शिकवायची पद्धत. आरशात ओठ बघून आवाज शिकवणे यावर कॉपीराईट नसतो, ना त्यांचा ना तुमचा. कल्पना मोकळी, ती मांडलेले शब्द आणि चित्र सुरक्षित, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मधेच स्पष्ट केलं आहे.
दुसरी, तुमच्या शीट. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात जो निर्माण करतो तो पहिला मालक, कलम १७. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं, पण फ्रँचायझी म्हणजे नोकर नाही, तुम्ही स्वतंत्र धंदा करता, हे बहुतेक त्यांच्याच ॲग्रीमेंटमधे लिहिलेलं सापडेल, नक्की बघा. (तुमच्या पगारी टीचरने क्लाससाठी केलेल्या शीट मात्र, वेगळा करार नसेल तर, तुमच्या.) त्यामुळे मालकी कंपनीकडे जायची असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीचं असाइनमेंट (हक्क दुसऱ्याला दिल्याचा कागद) पाहिजे, आणि त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश हे यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर पूर्ण भारत. पुढे होणाऱ्या कामाचंही असाइनमेंट आधी करता येतं, म्हणून 'सुधारणा'वाला क्लॉज तुम्ही सही केलेल्या प्रतीत शब्दशः काय म्हणतो यावर सगळं अडलं आहे. नुसत्या मेलने हक्क जात नाही.
तिसरी गोष्ट कडू आहे. गोष्टींचं भाषांतर. भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा असतो, मेहनत तुमची असली तरी परवानगीशिवाय ते वापरता येणार नाही. त्या बाजूला काढा. कलम ६३ मधे ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला, तेव्हा नोटीस आली तर अंगावर काढू नका.
चौथी, २ वर्षांची बंदी. करार चालू असताना दुसरा तसाच धंदा करू नका ही अट चालते, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग केसमधे ते आलं आहे. करार संपल्यानंतरची बंदी मात्र कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेचा क्लॉज संपत नाही. आपल्याकडे ट्रेड सिक्रेटचा (धंद्यातल्या गुपिताचा) वेगळा कायदा नाही, सगळं करारावर आणि विश्वासावर चालतं, त्यामुळे त्यांचं ट्रेनर मॅन्युअल, रेट, सॉफ्टवेअर यांना हात लावू नका. पालकांची यादीही कंपनीच्या ॲपमधून एक्सपोर्ट करून घेऊ नका, ग्राहकांच्या संकलित यादीला कॉपीराईटचं संरक्षण दिल्ही हायकोर्टाने १९९५ मधेच दिलं आहे. पालक आपणहून शोधत आले तर त्यांना कोणी अडवत नाही.

टाकी_सफाई_विदर्भ
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, पाण्याच्या टाक्या साफ करायची फ्रँचायझी देतो. ताईंचं दुःख समजतं, पण आमचंही ऐका. एकाने सोडल्यावर आमची चेकलिस्ट स्वतःच्या नावाने छापली. आम्ही 'क्लोरीन' चुकून 'क्लोरिण' छापलं होतं, त्याच्याही कागदावर त्याच ओळीत 'क्लोरिण'. टाकी कोणीही धुवावी, त्याला माझी हरकत नाही, पण ती चेकलिस्ट मी सहा महिने टाकीत उतरून लिहिली होती. तेव्हापासून प्रत्येक पानावर तारीख, कोणाला दिलं त्याची नोंद आणि सही. गुपित म्हणायचं असेल तर ते गुपितासारखं जपलंही पाहिजे, सगळ्या ग्रुपवर टाकून मग कोर्टात गोपनीय म्हणता येत नाही. आणि ताई, फ्रँचायझीने केलेलं आपोआप आमचं होतं असं मी तरी मानत नाही. आमच्या काटोलच्या मुलाने उंच टाकीसाठी शिडीचा फॉर्म बनवला, आम्ही त्याला पैसे दिले आणि कागद केला.

बेसा_रोड_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसले. ९४ शीट पूर्ण माझ्या, २२ त्यांच्या गोष्टींचं मराठी, १४ मधे चित्र त्यांचं आणि मजकूर माझा. त्या २२ बांधून ठेवल्या, एक गोष्ट तर माझ्या सासूबाईंनी सांगून सांगून इतकी गोड करून घेतली होती की ठेवताना हात जड झाला. १४ ची चित्रं नवीन काढते. ॲग्रीमेंट पण काढलं, कलम ११ मधे 'सुधारणा' एवढाच शब्द आहे, मुदत नाही, प्रदेश नाही, आणि कलम ३ मधे खरंच लिहिलं आहे की मी स्वतंत्र व्यावसायिक आहे. वकील साहेब, शीट काढल्याच्या तारखा कशा दाखवू?

सिव्हिल_लाईन्स_वकील
कच्ची चित्रं, वही, झेरॉक्सची बिलं, व्हॉट्सॲपवर पालकांना पाठवलेले फोटो, यातलं काहीही फेकू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप. रजिस्ट्रेशन बंधनकारक नाही पण पुराव्याला कामी येतं, ९४ शीटचं एक पुस्तक करून अर्ज टाका. अर्ज त्या मेलला उत्तर दिल्यावर, आधी नाही. उत्तरात फक्त एवढं मागा की कोणत्या शीट त्यांच्या आहेत त्याची यादी द्या.