फेडर खाली घेतला तरी कॉम्प्रेसर तेवढाच दाबतोय, असं का?

मंडळी, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये अभंग मिक्स करतोय, आवाजाच्या ट्रॅकवर आधी कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) मग ईक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा) लावलाय, पण फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) कितीही खाली घेतला तरी कॉम्प्रेसर किती दाबतोय ते दाखवणारी सुई ८ डीबीवरच, आणि प्रत्येक 'प' ला आवाज दबतो. चुकतंय कुठे?

– अरे चुकत नाहीये काही, इन्सर्ट, म्हणजे ट्रॅकवर लावलेले इफेक्ट, फेडरच्या आधी बसतात, त्यामुळे फेडरचा कॉम्प्रेसरला पत्ताच नसतो. दाबणं कमी करायचं तर आयटमचा, म्हणजे ट्रॅकवरच्या रेकॉर्डिंगच्या तुकड्याचा, व्हॉल्यूम उतरव नाहीतर थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर कॉम्प्रेसर दाबायला लागतो ती) वर घे. क्युबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्टसाठी फेडरनंतरच्या जागाही मिळतात, ते मला फार आवडतं.

– 'प' चं कारण क्रम आहे बघ. हवेचा तो धप्पा अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो आणि कॉम्प्रेसर त्यालाच पकडून अख्खी ओळ दाबतो, म्हणून ईक्यू कॉम्प्रेसरच्या आधी ओढ, ८० हर्ट्झच्या खालचं काप, मग कॉम्प्रेसर. आणि रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) प्रत्येक ट्रॅकवर इन्सर्टला नको लावूस, एका वेगळ्या ट्रॅकवर १०० टक्के वेट (फक्त घुमलेला आवाज) ठेवून बाकीच्या ट्रॅकवरून त्याला सेंड दे, म्हणजे आवाजाची प्रत तिकडे पाठव, गायक टाळ पखवाज सगळे एकाच देवळात बसल्यासारखे वाटतात.

– क्रम बदलला, सुई ३ वर आली, 'विठ्ठल' मधला 'ठ्ठ' आता स्वच्छ ऐकू येतोय. खूप आभार दोघांचे!