दिवसभर बसून काम करण्यासाठी खुर्ची कोणती घ्यावी आणि ती टेबलाशी कशी जुळवावी?

पूसकाठ

नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातील आमच्या गावी मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सकाळी केंद्र उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत संगणकापुढून उठणे क्वचितच होते, आणि जून-जुलैत पीक विम्याचे अर्ज सुरू झाले की सर्व्हर रात्री जरा बरा चालतो म्हणून जेवणानंतरही बसावे लागते. सध्या प्लास्टिकच्या साध्या खुर्चीवर एक उशी ठेवून बसते. उशी काढली की टेबल छातीशी येते आणि ठेवली की पाय जमिनीला नीट टेकत नाहीत व मांड्या खणाला घासतात. संध्याकाळपर्यंत मांड्यांच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, उजवा खांदा भरून येतो आणि कंबर अशी धरते की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो.

टेबल सासऱ्यांच्या वेळचे, सागवानी आहे. उंची ३० इंच, मध्ये अडीच फूट रुंदीचा एक खण, आणि खणाखालच्या पट्टीपासून जमीन २४ इंच. माझी उंची ५ फूट १ इंच आहे. संध्याकाळी तासभर माझे दीर बसतात, त्यांची उंची ५ फूट ९ इंच. खाली शहाबादी फरशी असून तिचे सांधे बरेच उघडे पडले आहेत. खोलीत कूलर आहे. एसी बसवण्याचा विचार नाही. सात-आठ हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. खुर्ची जाळीची घ्यावी की गादीची, हातांची की बिनहातांची, आणि घरी आणल्यावर ती नेमकी कशी लावावी, हे जाणकारांनी सांगावे.

सागवान_परतवाडा

ताई, मी सुतारकाम करतो, त्यामुळे माझे उत्तर खुर्चीपेक्षा टेबलापासून सुरू होईल. तुम्ही मापे दिली हे फार बरे केले, कारण तुमच्या खांद्याचे दुखणे त्या मापांतच आहे.

तुमच्या उंचीच्या व्यक्तीच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर चपलेसह साधारण साडेपंधरा इंच भरते, आणि बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची साधारण नऊ इंच. म्हणजे पाय टेकवून बसल्यास तुमचे कोपर साडेचोवीस इंचांवर येते, आणि कळफलक ठेवला आहे तीस इंचांवर. मधले साडेपाच इंच तुमचा खांदा दिवसभर उचलून धरतो. खुर्ची वर घ्यावी म्हटले तर मांडीची जाडी साडेपाच इंच धरून साडेअठरा इंचांच्या वर बैठक नेताच येत नाही, कारण तिथे खणाची पट्टी आडवी येते. महागातली महाग खुर्ची आणली तरी हे गणित बदलणार नाही.

टेबलाचे पाय कापण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. साडेतीन इंच कापले की खणाखाली साडेवीस इंच उरतील आणि तुमच्या मांड्याच आत जाणार नाहीत; शिवाय जुने सागवान एकदा कापले की कापले. त्याऐवजी खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याच पोकळीत पाऊण इंच प्लायची सरकती फळी टेलिस्कोपिक चॅनलवर, म्हणजे खण सरकवण्याच्या लोखंडी पट्ट्यांवर, बसवून घ्या. चॅनल प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा खातो, म्हणून तीस इंचांच्या पोकळीत एकोणतीस इंचांची फळी बसते आणि तीवर कळफलक व माउस दोन्ही शेजारी मावतात. माउस वर टेबलावर आणि कळफलक खाली, असे करू नका. उजवा खांदा पुन्हा तिथेच जाईल. फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून २६ इंचांवर घ्या. खालची आडवी पट्टी मात्र कापू देऊ नका, टेबलाचे पाय तिनेच धरून ठेवले आहेत.

मग बैठक साडेसतरा इंचांवर ठेवायची. कोपर साडेसव्वीसवर, म्हणजे कळफलकाच्या कळांच्या जवळपास येते, मांड्या तेवीसवर थांबतात आणि पट्टीला एक इंच मोकळे राहतात. पायांना दोन इंच कमी पडतील. तिथे देवघरातला नव्हे, जेवायला बसण्याचा दोन इंच उंचीचा पाट ठेवा. घरात असेलच.

जुनी_कचेरी

मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. आमच्या काळी सागवानी चौकटीची, वेताने विणलेली खुर्ची असे आणि तिच्यावर बसून आम्ही आयुष्यभर फायली लिहिल्या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी वेतातून वारा खेळतो, घाम साचत नाही, वेत सैल झाला तर विणणारा माणूस तालुक्याला मिळतो, आणि खुर्ची नातवंडांपर्यंत टिकते. चाके नाहीत, दांडा नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. ताईंनी याचाही विचार करावा, असे सुचवतो.

फिजिओ_वर्धा

काकांच्या खुर्चीचा वारा मला मान्य आहे, बैठक मान्य नाही. वेत मध्ये झोळतो आणि पुढची लाकडी पट्टी तशीच उंच राहते, त्यामुळे सगळा भार मांडीच्या मागच्या भागावर येतो. ताईंना मुंग्या येतात त्याच जागी. शिवाय त्या खुर्चीची उंची ठरलेली, बहुधा अठरा इंच. पाच फूट एक आणि पाच फूट नऊ अशा दोन माणसांना ती सारखी कशी पुरेल? फायलीवर लिहिणारा माणूस मधून मधून उठून कपाटापर्यंत जात असे, हेही लक्षात घ्यावे. संगणकावर सगळ्या फायली बसल्या जागी येतात.

आता बसण्याविषयी. खुर्चीत अगदी मागे सरकून बसावे आणि बैठकीची पुढची कड व गुडघ्यामागची घडी यांमध्ये दोन-तीन बोटे सहज जातील इतकी जागा राहावी. तुमच्या उंचीला साधारण सोळा इंच खोलीची बैठक पुरते. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच खुर्च्या अठरा-एकोणीस इंच खोल असतात, आणि गेमिंग चेअर म्हणून विकल्या जाणाऱ्या त्याहून खोल. खोल बैठकीत एक तर मांडीमागे कड रुतते, किंवा माणूस पुढे सरकतो आणि पाठीचा आधार सुटतो. पुढची कड खाली वळलेली, गोलसर असावी.

कमरेचा फुगवटा हा दुसरा महत्त्वाचा भाग. पाठीचा खालचा कणा आत वळतो, तिथेच तो फुगवटा यायला हवा. साडीच्या निऱ्या जिथे खोचता त्या रेषेच्या किंचित वर, मागच्या बाजूला हात लावून पाहा. खोलगट भाग सापडतो. फुगवटा वर-खाली सरकणारा असेल तर उत्तम, नसेल तर पंच्याची घट्ट गुंडाळी त्या जागी दोरीने बांधली तरी काम होते. त्याच्या वर, बरगड्यांवर फुगवटा आला तर तो आधार देण्याऐवजी माणसाला पुढे ढकलतो.

पाठ ताठ नव्वद अंशांत ठेवण्याचा आग्रह धरू नका. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधाराविना बसताना तो उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला आणि तेव्हापासून बसण्याचा धसका घेतला गेला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक ठेवून मोजमाप केले, तर मागे सैल टेकून बसल्यावर दाब उभे राहण्यापेक्षाही कमी निघाला. एकाच माणसाचे मोजमाप असल्याने त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण टेकून बसणे म्हणजे आळस नव्हे इतके त्यातून नक्की दिसते. पाठ शंभर ते एकशे दहा अंशांपर्यंत मागे झुकू द्या आणि ती तिथे कुलूपबंद करू नका. बैठकीखालची ताणाची गोल मूठ आपल्या वजनानुसार इतकी फिरवा की रेलल्यावर पाठ हळूच मागे जाईल आणि पुढे येताना सोबत येईल. तुम्ही आणि दीर यांच्या वजनात बराच फरक असल्यास ती मूठ दोघांना वेगवेगळी लागेल.

तरीही कोणत्याही खुर्चीत तास-दीड तास सलग बसू नये. कॉर्नेल विद्यापीठाचे ॲलन हेज अर्ध्या तासाची वाटणी वीस मिनिटे बसणे, आठ मिनिटे उभे राहणे आणि दोन मिनिटे चालणे अशी सुचवतात. सेवा केंद्रात ते जमणे कठीण, पण प्रिंटर हाताशी न ठेवता चार पावलांवर ठेवला तर प्रत्येक छापील अर्जासाठी उठणे आपोआप होईल. अंगठ्याचे यंत्र मात्र उलट हाताशीच हवे, आणि ग्राहक समोर बसवता आला तर कमरेतून वळावे लागणार नाही. वळावे लागलेच तर पाय पाटावरून उचलून सगळी खुर्ची फिरवा.

मुंग्या गुडघ्याखाली उतरू लागल्या, पायाची ताकद कमी वाटली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर तो प्रश्न खुर्चीचा उरत नाही. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

संत्राबाग

मी काटोलजवळच्या गावातून एका पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करतो, म्हणून आपल्याकडच्या हवेत काय टिकते तेवढे सांगतो.

रेक्झिन किंवा कृत्रिम चामडे घेऊच नका. कूलरची ओल आणि पावसाळ्याची दमट हवा यांनी त्याच्या वरच्या थराचे पापुद्रे सुटू लागतात आणि काळे कण कपड्यांना चिकटतात. पाठ जाळीची आणि बैठक कापडी आवरणाच्या गादीची, ही जोडी आपल्या भागात सर्वांत सोयीची. पूर्ण जाळीची बैठक ऐकायला छान वाटते. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने १९९४ मध्ये एरॉन ही जाळीची खुर्ची आणली तेव्हापासून तिचे नाव झाले, पण ती जाळी आणि तिची चौकट यांची किंमतही तशीच आहे. आपल्या खर्चात मिळणारी जाळीची बैठक झोळते आणि शेवटी काकांच्या वेताचेच दुखणे मागे लागते. गादी साच्यातून काढलेल्या फोमची आणि ४० किंवा त्याहून अधिक घनतेची मागा. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून पाहा. खालची फळी लागली तर ती खुर्ची सोडून द्या. खोलीत उंदीर असतील तर रात्री बैठकीवर जाड गोणपाट टाकत जा, फोम त्यांना फार आवडतो. कूलर थेट पाठीमागे ठेवू नका, जाळीतून ओला वारा घामेजल्या पाठीवर आला की मान आखडते.

खाली पाच पायांचा तळ हवा. उंची कमी-जास्त करणाऱ्या नळीत दाबाखालचा नायट्रोजन असतो. ती क्लास ४ ची (जास्त मजबूत दर्जाची) असल्याची खात्री करा आणि ती कधीही उघडू किंवा तापवू देऊ नका, गावातला वेल्डर उत्साहाने तयार होईल तरीही. बिघडल्यास नळीच नवी मिळते आणि ती बहुतेक खुर्च्यांना चालते, कारण दोन्ही टोकांचा निमुळता आकार सर्वसाधारणपणे सारखाच असतो. खुर्ची घेताना बैठकीची सर्वांत खालची उंची टेपने मोजा. साडेसतरा इंचांपर्यंत ती उतरत नसेल तर बाकीचे सगळे गुण तुमच्या उपयोगाचे नाहीत.

हातांविषयी: तुमची फळी २६ इंचांवर आणि पट्टी २४ वर, म्हणजे बहुतेक खुर्च्यांचे हात फळीला धडकतील आणि तुम्हाला लांब बसावे लागेल. बऱ्याच खुर्च्यांचे हात खालून षट्कोनी चावीने सुटतात. ते काढून ठेवा.

सोबत येणारी कडक नायलॉनची चाके सतरंजी-गालिच्यासाठी असतात, गुळगुळीत फरशीवर ती घसरतात आणि उघड्या सांध्यात अडकतात. मऊ पॉलियुरेथेनची मोठी चाके वेगळी मिळतात. बहुतेक चाकांचा दांडा ११ मिलिमीटर जाडीचा असतो, तरी जुने चाक ओढून काढून सोबत न्यावे.

पूसकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सुतारभाऊंनी दिलेले माप पडताळायला भिंतीला टेकून, पुस्तक काखेत धरल्यासारखा हात ठेवून कोपर मोजले. बैठकीपासून पावणेनऊ इंच भरले, म्हणजे अंदाज बरोबर आहे. जाळीची पाठ, कापडी बैठक, हात काढता येणारी खुर्ची यवतमाळला प्रत्यक्ष बसून पाहूनच घेईन. तीन शंका उरतात. दिरांना २६ इंचांची फळी बुटकी होईल का? पडदा आता सीपीयूच्या डब्यावर ठेवला आहे, तो तसाच राहू द्यावा का? आणि आधार क्रमांकाचे बारा आकडे दिवसभर टाकावे लागतात, तर उजवीकडे आकड्यांच्या कळा असलेला मोठा कळफलक वापरल्याने माउस फार दूर जाईल का?

फिजिओ_वर्धा

पडदा डब्यावरून खाली घ्या. साडेसतरा इंचांच्या बैठकीवर तुमचे डोळे जमिनीपासून साधारण पंचेचाळीस इंचांवर येतील, म्हणजे टेबलापासून पंधरा इंच वर. पडद्याची वरची कड तिथे किंवा किंचित खाली असावी आणि तो हातभर अंतरावर असावा. डब्यावर ठेवल्यास हनुवटी सतत वर राहते. आकड्यांच्या कळा तुम्हाला सोडता येणार नाहीत, तेव्हा कळफलक फळीच्या डाव्या कडेला सरकवा. त्यातली अक्षरे टेबलाच्या मध्याच्या थोडी डावीकडे गेली तरी चालेल, कारण तुमचे जास्त काम आकड्यांचेच आहे.

सागवान_परतवाडा

दिरांचे कोपर साडेसतराच्या बैठकीवर साडेसत्तावीसच्या आसपास येईल. तासाभराच्या कामाला इंचभर खालची फळी अडचणीची नाही. त्यांनी पाट पायाने बाजूला सरकवावा आणि बैठक वर घेऊ नये, नाही तर मांड्या पट्टीला लागतील. चॅनल १८ इंच लांबीचे आणि शेवटी अडणारे घ्या. ते आतल्या बाजूने बसवताना स्क्रू बाजूच्या पट्टीच्या जाडीपेक्षा आखूड निवडायला सुताराला आवर्जून सांगा, नाही तर जुन्या सागवानाच्या बाहेरच्या पॉलिशमधून टोके वर येतील. काढलेला खण फेकू नका. त्याला झाकण लावले की शिक्के आणि पावत्या ठेवायला तो टेबलावर चालतो.